ड जीवनसत्त्व आणि उतारवयातील हाडे : या चुका टाळा

पहाटे शिवाजी पार्कला नेमाने फेऱ्या मारणाऱ्या ज्येष्ठांच्या रक्तातही ड जीवनसत्त्व कमी निघते, याचे अनेकांना नवल वाटते. कोवळे ऊन अंगाला सुखावत असले, तरी सूर्य क्षितिजालगत असताना त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-बी किरण वातावरणातच बव्हंशी अडतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते, तेव्हाचे ऊन कामाचे. मात्र एप्रिल-मे महिन्यांत ते थोडकेच आणि डोके झाकून घ्यावे. बंद खिडकीच्या काचेतून हे किरण जवळपास येतच नाहीत. शिवाय वयपरत्वे त्वचेची ही क्षमता घटते, त्यामुळे केवळ उन्हावर विसंबणे पुरेसे ठरेलच असे नाही.

याहून गंभीर चूक गोळ्यांच्या बाबतीत होते. 60,000 युनिटची गोळी किंवा पुडी सहसा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती रोजच्या गोळ्यांच्या डब्यात पडली, तर मेदात विरघळणारे हे जीवनसत्त्व शरीरात साठत जाते आणि रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, अतितहान, गोंधळलेपण दिसू लागते, मूत्रपिंडांनाही इजा होऊ शकते. अशी लक्षणे ‘वयाची’ म्हणून सोडून देऊ नयेत. हाडांचे डॉक्टर आणि फॅमिली डॉक्टर या दोघांच्या चिठ्ठ्यांवर एकच औषध दोन नावांनी असू शकते, आणि कॅल्शियमच्या बहुतेक गोळ्यांतही डी-3, म्हणजे ड जीवनसत्त्वच, असते. सगळी पाकिटे एकदा डॉक्टरांना एकत्र दाखवावीत, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

ड जीवनसत्त्वाची गोळी उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घ्यावी. कॅल्शियम कार्बोनेटही जेवणासोबतच. आम्लपित्ताची गोळी रोज चालू असेल, तर त्याऐवजी कॅल्शियम सायट्रेट घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत किमान चार तासांचे अंतर हवे.

जीवनसत्त्वाचा आकडा सुधारला म्हणजे हाडे बळकट झाली, हा समजही चुकीचा आहे. अमेरिकेतील ‘व्हायटल’ या मोठ्या अभ्यासात (2022) कमतरतेच्या निकषावर न निवडलेल्या प्रौढांना रोज 2,000 युनिट देऊनही अस्थिभंग कमी झाले नाहीत. हाडांच्या घनतेसाठी डेक्सा तपासणी वेगळी करावी लागते. तिचा टी-स्कोअर (निरोगी तरुण व्यक्तीच्या हाडांशी तुलना करून काढलेला आकडा) उणे 2.5 किंवा त्याखाली असल्यास अस्थिविरळतेचे, म्हणजे हाडे ठिसूळ होण्यावरचे, औषध लागू शकते. त्यांपैकी अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी मात्र सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची असते आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवे व्हायचे नसते, अन्यथा अन्ननलिकेला जखम होऊ शकते.