डोंगरातल्या खासगी डिस्क गोल्फ मैदानावर हात राखून कसं खेळावं

डिस्क गोल्फचा नियम दोन वाक्यांत सांगून होतो. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या जागेवरून, डिस्क (फ्रिसबीसारखी तबकडी) फेकायची, ती जिथे पडेल तिथून पुढचा थ्रो करायचा, आणि साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटमध्ये ती विसावेपर्यंत हेच चालू ठेवायचं. ज्याचे थ्रो कमी, तो जिंकला. एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिलं कायमस्वरूपी मैदान आखलं, तेव्हा बास्केटही नव्हत्या, नुसते खांब होते. साखळ्यांची बास्केट त्यांनीच नंतर आणली. आजही बहुतेक मैदानं सार्वजनिक बागांमध्ये आहेत. तिथे कुणीही कधीही जाऊन खेळावं.

डोंगरातलं खासगी मैदान मात्र वेगळं असतं. कुणीतरी स्वतःच्या रानात झाडोरा साफ करून वाटा काढलेल्या असतात, उतारावर टी बांधलेले असतात, बास्केट खांद्यावरून वर नेऊन रोवलेल्या असतात. काही मैदानं रिसॉर्टची असतात. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या स्मगलर्स नॉच या स्की रिसॉर्टवर दोन मैदानं आहेत आणि २०१८ व २०२३ ची व्यावसायिक जागतिक स्पर्धा तिथेच झाली. पण बरीचशी मैदानं एखाद्या कुटुंबाच्या जमिनीवर असतात, आणि ती खुली राहतात ती मालकाच्या इच्छेवर. अशा ठिकाणी खेळताना दोन गोष्टी राखाव्या लागतात: थ्रोमधली ताकद आणि पाहुणा म्हणून आपलं वागणं. माझ्या मते दुसरी जास्त महत्त्वाची आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी विचारा, मग निघा

यूडिस्कसारख्या, मैदानं शोधून देणाऱ्या ॲपवर मैदान दिसलं म्हणजे ते खुलं आहे असं धरू नका. नोंद जुनी असू शकते, मालक बदललेला असू शकतो, किंवा त्या आठवड्यात तिथे झाडं तोडायचं काम चालू असू शकतं. नोंदीत दिलेल्या मार्गाने मालकाशी संपर्क करा आणि नेमकं विचारा: कोणत्या दिवशी चालेल, किती जण येऊ शकतात, गाडी कुठे लावायची, कुत्रा आणलेला चालेल का, शुल्क आहे की इच्छेप्रमाणे पेटीत टाकायचं. उत्तर आलं नाही तर जाऊ नका. उत्तर न येणं म्हणजे परवानगी नव्हे.

बऱ्याच ठिकाणी ‘अपघात झाला तर जबाबदारी माझी’ अशा कागदावर सही मागतात. सही करताना नाक मुरडू नये. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत असा कायदा आहे की, जमीनमालकाने लोकांना फुकट खेळू-फिरू दिलं, तर अपघाताच्या दाव्यापासून त्याला बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. प्रवेश शुल्क घेतलं की हे संरक्षण बहुधा कमी होतं किंवा जातं. म्हणून कुणी शुल्काऐवजी ऐच्छिक देणगीची पेटी ठेवतो, तर कुणी शुल्क घेतो आणि सही मागतो. देणगीची पेटी असेल तर तीत टाकाच. गवत कापायला आणि गंजलेल्या साखळ्या बदलायला पैसे लागतातच, आणि ते दुसरीकडून कुठूनही येत नाहीत.

फाटक जसं सापडलं तसं ठेवा. बंद असेल तर आत शिरून पुन्हा बंद करा. उघडं असेल तर उघडंच राहू द्या, कारण वरच्या कुरणातून जनावरं खाली पाण्यावर यायची असतील.

पिशवी हलकी ठेवा

सपाट मैदानावर पंधरा-वीस डिस्क घेऊन फिरणं जमतं. डोंगरात सहा-सात पुरेत: दोन पुटर (जवळच्या थ्रोसाठी, सगळ्यात हळू), दोन मिडरेंज (मधल्या पल्ल्याच्या), दोन फेअरवे ड्रायव्हर (त्याहून वेगवान), आणि वाऱ्यासाठी एखादी हट्टाने वळणारी डिस्क. लांब पल्ल्याचे वेगवान ड्रायव्हर घरी ठेवले तरी अडत नाही. अरुंद, झाडांच्या वाटांमध्ये ते पूर्ण वेगाने फेकायची संधी क्वचित येते, आणि हरवतात ते सगळ्यात जास्त तेच.

डिस्कचा रंग जागा पाहून निवडा. हिरव्या रानात हिरवी आणि तपकिरी डिस्क दिसत नाही हे उघड आहे. पानगळीच्या दिवसांत मात्र पिवळी, लाल, नारिंगीही पाचोळ्यात गडप होते. तेव्हा निळी किंवा भडक गुलाबी चांगली. प्रत्येक डिस्कच्या खालच्या बाजूला नाव आणि फोन नंबर पक्क्या शाईने लिहा.

बाकी सामान: खाच असलेल्या तळव्यांचे बूट, पाणी नेहमीपेक्षा जास्त, हात आणि डिस्क पुसायला फडकं, पातळ जॅकेट, शिट्टी. फोनला रेंज नसेल असं गृहीत धरून मैदानाचा नकाशा आधीच उतरवून घ्या आणि आपण कुठे आहोत, कधीपर्यंत परतू हे कुणाला तरी सांगून ठेवा. अठरा होलना (टीपासून बास्केटपर्यंतचा एक टप्पा म्हणजे एक होल) सपाटीवर दोन-अडीच तास लागत असतील, तर इथे निदान एक तास वाढवून धरा.

उंचीवरची हवा डिस्कला वेगळी वागवते

डिस्क उडते ती हवेच्या आधारावर, आणि उंचीवर हा आधार पातळ असतो. समुद्रसपाटीच्या तुलनेत १५०० मीटरवर हवेची घनता साधारण १४ टक्क्यांनी कमी असते, ३००० मीटरवर सुमारे एक चतुर्थांशाने. हवा पातळ झाली की उचल कमी मिळते, आणि घरच्या मैदानावर थोडी उजवीकडे झुकून मग सरळ होणारी डिस्क इथे झुकतच नाही. ती लवकर डावीकडे पडायला लागते. (हे उजव्या हाताच्या बॅकहँडबद्दल. डावखुऱ्यांनी दिशा उलट धरावी.)

उपाय डिस्कवरच छापलेला असतो. चार आकड्यांच्या पद्धतीत वेग, तरंग, सुरुवातीचा झुकाव आणि शेवटचं वळण असा क्रम असतो. तिसरा आकडा उणे दोन किंवा उणे तीन असलेल्या, म्हणजे सहज झुकणाऱ्या डिस्क काढा. त्याच साच्यातली हलकी डिस्क असेल तर आणखी बरं. आणि पहिल्या टीवर जाण्यापूर्वी मालकाने सरावाची बास्केट ठेवली असेल तिथे, नाहीतर एखाद्या मोकळ्या जागी, प्रत्येक डिस्क एकदा अर्ध्या ताकदीने फेकून बघा. त्या काही थ्रोंनी पुढच्या निम्म्या चुका टळतात.

चढ आणि उतार

चढावरच्या होलसाठी खेळाडू एक ठोकताळा वापरतात: दर मीटर चढाला तीन मीटर अंतर वाढवून धरायचं. फलकावर ८० मीटर लिहिलं असेल आणि बास्केट ८ मीटर वर असेल, तर तो १०४ मीटरचा होल समजून खेळा. चढावर सगळ्यात जास्त होणारी गोष्ट म्हणजे डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर उचललं जाणं. मग ती वर चढते, थांबते आणि डावीकडे कोसळते. खांदे उताराला समांतर करा, म्हणजे अख्खं शरीर मागे झुकेल, आणि डिस्क त्याच रेषेत सोडा. मनगटाने वर उचलायला जाऊ नका. टी लहान किंवा ओला असेल तर धाव न घेता उभ्यानेच फेका. दहा-पंधरा मीटर कमी जाईल, पण पाय मुरगळणार नाही.

उतारावर मोह उलटा असतो. समोर खोल दरी, खाली इवलीशी बास्केट, आणि हात आपोआप जोर लावतो. इथेच हात राखायचा. डिस्क हवेत जितका जास्त वेळ राहील, तितकं शेवटचं वळण लांबत जातं आणि तितका वारा तिच्याशी खेळतो. म्हणून उतारावर एक पायरी हळू डिस्क निवडा. ड्रायव्हर वाटत असेल तिथे मिडरेंज, मिडरेंज वाटत असेल तिथे पुटर. उताराच्या कोनात, नाक खाली ठेवून सोडलेला पुटर किती लांब तरंगत जातो हे पहिल्यांदा पाहताना मोठा आनंद होतो. पण बास्केट किंवा उतरायची जागा टीवरून दिसत नसेल, तर आधी एक जण पुढे जाऊन पाहो आणि हाताने खूण करो. खाली पायवाट असू शकते, दुसरा गट असू शकतो, मालकाचा ट्रॅक्टर असू शकतो. डिस्क लोकांच्या दिशेने गेली तर मोठ्याने ‘फोर!’ ओरडायचं, लाजायचं नाही.

आडवा उतार आणि बास्केटजवळचे शेवटचे दहा मीटर

डोंगरी मैदानावर खेळ खरा ठरतो तो इथे. टीवरून चुकलेला थ्रो एका थ्रोने भरून निघतो, पण उतारावर कडेवर उभी राहून घरंगळायला लागलेली डिस्क तीस मीटर खाली झुडपात जाऊन थांबते.

तत्त्व एकच: उतरताना डिस्कची पातळी जमिनीच्या पातळीशी जुळली पाहिजे. उताराशी मोठा कोन करून पडलेली डिस्क कडेवर उभी राहते आणि चाकासारखी खाली जाते. उजव्या हाताचा बॅकहँड शेवटी डावी कड खाली ठेवून उतरतो. म्हणून जमीन डावीकडे उतरत असेल तर बॅकहँड, उजवीकडे उतरत असेल तर फोरहँड, असं साधं गणित ठेवा. दोन्ही वेळा डिस्क उंच आणि सावकाश पडू द्या, कारण वेगात आलेली डिस्क पातळी जुळली तरी घसरत जाते.

जागा घेण्याचंही गणित आहे. बास्केटच्या खालच्या बाजूला राहिलात तर पुट (बास्केटमध्ये टाकायचा जवळचा थ्रो) चढावर करावा लागतो, आणि चुकला तरी डिस्क मागच्या चढावर आपटून बहुतेक वेळा जवळ थांबते. वरच्या बाजूला राहिलात तर पुट सोपा दिसतो, पण चुकला की डिस्क बास्केट ओलांडून उतारावर निघून जाते. शक्य असेल तिथे खालून या. वरूनच पुट करायचा असेल आणि अंतर सहा-सात मीटरांहून जास्त असेल, तर बास्केटच्या पायाशी डिस्क अलगद सपाट ठेवून पुढच्या थ्रोत टाका. धाडसी पुटपेक्षा हा निर्णय इथे जास्त वेळा बरोबर ठरतो.

उभं राहण्याचे नियमही लक्षात असू द्या. आधारपाय मार्करच्या (डिस्क पडली ती जागा दाखवणाऱ्या खुणेच्या) लगेच मागे, २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब जागेत हवा. बास्केटपासून १० मीटरच्या आत असाल तर डिस्क सोडल्यावर तोल सावरून दाखवावा लागतो, पुढे झेपावता येत नाही. तीव्र उतारावर एक गुडघा टेकून पुट करणं कायदेशीर आहे आणि बऱ्याचदा सगळ्यात स्थिर तेच असतं. त्याचा थोडा सराव आधी करून ठेवा.

डिस्क हरवली तर

पीडीजीए या व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटनेच्या नियमांत शोधायला तीन मिनिटं मिळतात. मग एक दंडाचा थ्रो घेऊन आधीच्या जागेवरून पुन्हा फेकायचं. मित्रांच्या खेळात लोक अर्धा तास शोधत बसतात. डोंगरात तसं करू नका. घसरड्या कड्यावर, ओढ्याच्या पलीकडे किंवा कुंपणाबाहेर गेलेली डिस्क तिथेच राहू द्या. शेजारच्या जमिनीत शिरणारा एक पाहुणा मालकाचे शेजाऱ्याशी असलेले संबंध बिघडवू शकतो, आणि त्यातून मैदान बंद पडू शकतं. झाडात अडकलेली डिस्क काढायला दगड मारू नका, फांदी तोडू नका. वाटेत आडवी येणारी कोवळी फांदीसुद्धा मोडायची नाही. ती तिथे राहू द्यायची की नाही, हे ठरवण्याचा हक्क मालकाचा आहे.

आकाशाकडे लक्ष

दिवस तापला की डोंगरात वारा दरीतून वर वाहू लागतो आणि संध्याकाळनंतर उलटा, खाली. म्हणून सकाळचे पहिले तास सगळ्यात शांत. समोरून येणारा वारा डिस्कला जास्त झुकवतो, मागून येणारा तिला लवकर खाली पाडतो. उंच डोंगरांत उन्हाळ्यात दुपारी ढग जमून गडगडाट होणं नेहमीचं असतं, तेव्हा दुपारपूर्वी खेळ संपेल अशी वेळ घ्या. गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवा. धार, मोकळं कुरण, एकटं झाड आणि लोखंडी बास्केट यांपासून दूर व्हा, गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. कोरड्या हंगामात रानात सिगारेट, चूल, काहीही नाही.

निघताना

सापडलेल्या दुसऱ्यांच्या डिस्क मालकाने ठरवलेल्या जागी ठेवा किंवा त्यावरच्या नंबरवर कळवा. टीची फळी सैल झाली असेल, वाटेवर झाड पडलं असेल, बास्केट कलली असेल, तर होलचा क्रमांक आणि शक्य असल्यास फोटो मालकाला पाठवा. रोज अठरा होल चालून पाहणं त्यांना जमत नाही, त्यामुळे अशी नेमकी माहिती त्यांना खरंच उपयोगी पडते. स्वतःची डिस्क राहिली असेल तर तिचा रंग, तुमचं नाव आणि ती कुठल्या होलवर कोणत्या बाजूला गेली हेही त्याच निरोपात लिहा. पाचोळा सरला किंवा गवत कापलं गेलं की अशा डिस्क बऱ्याचदा सापडतात.