दोन कुत्री, एक तुकडा: घरातली गुरगुर आणि भांडणं कशी आवरावी

आमच्या घरातलं सगळ्यात मोठं भांडण अर्ध्या बिस्किटावरून झालं. संध्याकाळचा चहा चालू होता, आईच्या हातून तुकडा फरशीवर पडला, आणि आठ वर्षांचा लॅब्राडोर ब्रुनो व दहा महिन्यांची गावठी चिंगी एकदमच तिकडे वळले. चिंगीच्या कानाला टाके पडले. आई दोन दिवस नीट जेवली नाही, कारण तुकडा तिच्या हातून पडला होता. ‘इतकं पोटभर खायला घालतो, तरी असं का?’ हा तिचा प्रश्न दुसरं कुत्रं आणलेल्या बहुतेक घरांत कधी ना कधी विचारला जातो.

आपलं खाणं, वस्तू किंवा जागा दुसऱ्यापासून अशी अडवून धरण्याला इंग्रजीत रिसोर्स गार्डिंग म्हणतात. मी साधं ‘राखणं’ म्हणते. भूक हे त्याचं एकच कारण असतं तर पोट भरल्यावर ते थांबलं असतं. कुत्रा राखतो तो ‘हे माझ्याकडून जाईल’ या धास्तीने. म्हणून ओरडून, मारून किंवा ‘वाटून खा रे’ म्हणून समजावून ते जात नाही. दुसरा कुत्रा जवळ आला की धास्ती वाटायची, तिथे काहीतरी चांगलं वाटू लागलं पाहिजे. ते करता येतं, पण त्याला आठवडे, कधी महिनेही लागतात, आणि तोवर भांडणाची एकही संधी मिळू द्यायची नसते.

आधी आठवडाभर नुसतं बघा

एक वही घ्या. कोण, कशावरून, घरात कुठे आणि दुसरा किती अंतरावर असताना ताठ झाला, एवढंच लिहा. पहिली खूण आवाजाची नसते, थांबण्याची असते. खाता खाता कुत्रा क्षणभर गोठतो, किंवा उलट, भराभर गिळू लागतो. मान भांड्यावर झुकते, अंग ताठ होतं, शेपटी हलायची थांबते. डोकं न हलवता तो तिरपं बघतो आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. त्यानंतर ओठ वर जातो, मग गुरगुर, मग हवेत चावा, आणि मग खरा चावा. भांडण ‘अचानक’ झालं असं वाटतं तेव्हा बहुधा यातल्या पहिल्या दोन-तीन खुणा आपण पाहिलेल्याच नसतात.

वस्तू फक्त खाण्याची असते असंही नाही. आमच्या वहीत चेंडू होता, बाल्कनीतला उन्हाचा चौकोन होता, सोफ्याचा कोपरा होता, आईची मांडी होती. सगळ्यात वाईट जागा निघाली स्वयंपाकघराचा उंबरा. तिथे वाटीभर अन्नही नसायचं, पण दार अरुंद, वास आतून येणारा, आणि दोघांना एकाच वेळी तिथूनच जायचं.

मोठ्या वयाचा कुत्रा एकाएकी राखायला लागला असेल तर प्रशिक्षणाच्या आधी पशुवैद्याकडे न्या. दातदुखी, कानातला संसर्ग, सांध्यांचं दुखणं यांनी कुत्रा चिडचिडा होतो आणि आपली जागा राखायला लागतो. ब्रुनोचे मागचे सांधे दुखत होते हे आम्हाला तेव्हाच कळलं. सोफ्याचा कोपरा तो हट्टाने राखत नव्हता. तिथून उठताना त्याला त्रास व्हायचा. माणसाची वेदनाशामक गोळी मात्र मनाने देऊ नका. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलसारखी औषधं कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

गुरगुरण्याला शिक्षा करू नका

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. ब्रुनो गुरगुरला की मी जोरात ‘नो!’ म्हणायचे. काही दिवसांत तो गुरगुरायचा थांबला आणि मला वाटलं, जमलं. पुढच्या वेळी तो गुरगुरला नाही, सरळ चावला. गुरगुर म्हणजे ‘लांब राहा, मला भांडायचं नाही’ असं सांगणं. ते बंद केलं की धास्ती तशीच राहते, फक्त इशारा जातो. गुरगुर ऐकू आली तर दुसऱ्या कुत्र्याला आनंदी आवाजात हाक मारून बाजूला बोलवा, आणि वहीत लिहा की आज अंतर कमी पडलं.

‘आपण घरातला म्होरक्या आहोत हे त्याला दाखवा, खाताना त्याच्या ताटात हात घाला’ असा सल्लाही आम्हाला मिळाला होता. या समजुतीचं मूळ प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांत आहे. कळपातल्या वरच्या जागेसाठी झुंजणारे लांडगे त्यांनी पाहिले, पण ते बंदिस्त होते. पुढे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ डेव्हिड मीच (Mech) यांनी मोकळ्या रानातल्या लांडग्यांचा अभ्यास करून १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की तिथला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. ताटात हात घातल्याने कुत्रा एवढंच शिकतो की माणूसही अन्न काढून घेतो.

घराची मांडणी बदला

हे आजच, लेख वाचून झाल्यावर करा. दोघांची भांडी वेगवेगळ्या खोल्यांत, मध्ये बंद दार. वन बीएचके असेल तर एक बाथरूमच्या पॅसेजमध्ये आणि एक हॉलमध्ये, मध्ये लहान मुलांसाठी लावतात ते जाळीचं गेट. पण नुसती जाळी पुरत नसेल तर त्यावर चादर टाका, म्हणजे एकमेकांचं खाणं दिसणार नाही. खाऊन झालं की आधी भांडी उचलायची, फरशी पुसायची, आणि मगच दार उघडायचं. रिकाम्या भांड्यावरूनही भांडणं होतात. दिवसभर भरून ठेवलेलं भांडं बंद. पाण्याची भांडी मात्र दोन-तीन ठिकाणी, कोपऱ्यात नव्हे, दोन्ही बाजूंनी निघता येईल अशा जागी.

चघळायच्या वस्तू आणि आवडती खेळणी उचलून कपाटात ठेवा. प्रत्येकाला आपापल्या बंद खोलीतच द्या. शिजवलेली हाडं तर कोणालाच नको, ती तडकून टोकदार होतात आणि आतडं फाडू शकतात.

यात घरातल्या मोठ्या माणसांची मनं सांभाळावी लागतात, आणि ते कुत्र्यांपेक्षा अवघड आहे. आजीला पोळीचा तुकडा द्यायचा असतो, त्यात तिचं प्रेम असतं. तिला ‘देऊ नका’ म्हणण्यापेक्षा देण्याची पद्धत द्या. आमच्या आईकडे आता झाकणाचा एक डबा आहे. चहाच्या वेळी चिंगी आतल्या खोलीत असते, आई आधी तिला तिकडे जाऊन तुकडा देते, दार लावते, मग ब्रुनोला. दार पुन्हा उघडतं ते कपबशा उचलल्यावर. ‘दोघं एकत्र का नाही जेवत?’ असं पाहुणे विचारतात. दोन कुत्र्यांनी एका खोलीत जेवलंच पाहिजे असं काही नाही. आमची आजही वेगळीच जेवतात.

दोघांना वेगवेगळं शिकवा

तीन शब्द पुरतात, पण घरातल्या सगळ्यांनी तेच वापरायचे. ‘ये’, ‘जागेवर’ आणि ‘सोड’. दुसरा कुत्रा समोर नसताना, रोज पाच-पाच मिनिटं. ‘जागेवर’ म्हणजे आपापल्या सतरंजीवर जाऊन बसणं; सतरंज्या एकमेकींपासून लांब. ‘सोड’ शिकवताना हिसकावू नका, बदला करा. तोंडात चेंडू असेल तर नाकाशी पनीरचा तुकडा धरा, चेंडू सुटला की ‘सोड’ म्हणा, तुकडा द्या, आणि चेंडू परत द्या. परत देणं महत्त्वाचं आहे. दिलं की गेलं, असं त्याला वाटता कामा नये.

मुख्य सराव: ती आली की चांगलं घडतं

याला दोन माणसं लागतात. आमच्याकडे मी ब्रुनोजवळ आणि माझा भाऊ चिंगीजवळ. दोघांनाही पट्टा, पण तो सैल. ताणलेला पट्टा कुत्र्याला आणखी ताठ करतो. हातात उकडलेल्या चिकनचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे, मीठ-कांदा-लसूण न घातलेले. शाकाहारी घरात पनीर चालतं.

सुरुवातीला भांडं नाही, खेळणं नाही, काहीच नाही. ब्रुनो हॉलच्या एका टोकाला बसलेला. भाऊ चिंगीला घेऊन लांबच्या दारात, साधारण बारा फुटांवर येतो. ब्रुनोने तिला पाहिलं की एक क्षण थांबून मी त्याच्यापुढे तुकडे टाकू लागते, एकामागून एक. चिंगी दाराआड गेली की तुकडे बंद. पुन्हा दिसली, पुन्हा सुरू. क्रम उलटा करू नका. आधी तुकडे काढले आणि मग दुसरा कुत्रा आला, तर ‘माझं खाणं चालू असताना ती येते’ हीच जुनी धास्ती पक्की होते. आधी ती दिसली पाहिजे, मग खाऊ.

अशा आठ-दहा फेऱ्या, तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, बस्स. चिंगी दिसल्यावर ब्रुनो तिच्यावर नजर न रोखता माझ्याकडे वळून बघू लागला, शेपटी सैल हलू लागली, तेव्हाच आम्ही अंतर फूटभर कमी केलं. हा वळून बघण्याचा क्षण ओळखायला शिका, सगळा सराव त्यावर उभा आहे. चौथ्या दिवशी तो आला तेव्हा मी आणि भाऊ दोघंही न बोलता हसलो होतो. याउलट तो गोठला, तुकडा चावण्याऐवजी बोटं ओढावीत तसा हिसकावू लागला, तर तुम्ही घाई केलीत. दोन फूट मागे जा आणि तिथेच सत्र संपवा.

अंतर चार-पाच फुटांवर आलं की पुन्हा बारा फुटांवर जायचं आणि आता ब्रुनोपुढे रिकामं भांडं ठेवायचं. ते जमलं की भांड्यात साधा कोरडा खाऊ, मग पोळीचे तुकडे. प्रत्येक नवी पायरी लांबून सुरू. मग दोघांच्या भूमिका बदलायच्या, कारण चिंगीही राखत होती, फक्त लहान असल्यामुळे ते आमच्या ध्यानात आलं नव्हतं. आम्हाला एवढ्याला साडेतीन महिने लागले. हाडासारख्या चघळायच्या वस्तूपर्यंत आम्ही सराव नेलाच नाही, आणि नेणारही नाही. बंद दारामागे ती दोघंही निवांत चघळतात.

माणूस राखला जात असेल तर

कुत्रा मांडीवर किंवा पायाशी बसतो आणि दुसरा जवळ आला की ताठ होतो. बघणाऱ्याला ते लाडिक वाटतं, ‘माझ्यावर किती जीव!’ असं आपण म्हणतो आणि तेव्हाच त्याला कुरवाळतो. कुरवाळू नका, रागावूही नका. शांतपणे उठून चालू लागा. ज्याची राखण चालली होती तेच उठून गेलं की राखायला काही उरत नाही. पुढे ‘जागेवर’ सांगून दोघांना आपापल्या सतरंजीवर बसवा आणि तिथेच आळीपाळीने खाऊ व लाड द्या. सोफा काही महिने दोघांनाही बंद ठेवला तर काम सोपं होतं. ब्रुनोसाठी आम्ही जाड गादी आणली, म्हणजे सांध्यांनाही आराम.

भांडण लागलंच तर

मध्ये हात घालू नका, गळपट्टा धरू नका. त्या क्षणी आपला कुत्रा आपल्यालाही चावतो. स्टीलची ताटं आपटा, बादलीभर पाणी ओता, जाड गोधडी दोघांवर टाका, खुर्ची किंवा ट्रे मध्ये सरकवा. एकाने घट्ट पकड धरली असेल तर ओढू नका, जखम फाटते. पकड सुटली की दोन खोल्या, बंद दार, आणि त्या दिवशी पुन्हा भेट नाही. केसांखालची सुळ्याची जखम वरून छोटं छिद्र दिसते पण आत खोल असते, म्हणून त्याच दिवशी पशुवैद्य. माणसाला चावा किंवा ओरखडा बसला असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा, घरातल्या कुत्र्याचं रेबीजचं लसीकरण झालेलं असलं तरी.

टाके घालावे लागतील असे चावे होत असतील, एक कुत्रा दिवसभर दुसऱ्याला घाबरून लपत असेल, किंवा घरात रांगतं मूल असेल, तर एकट्याने सराव करू नका. पशुवैद्याला विचारून वर्तनाचा अनुभव असलेला ट्रेनर शोधा. पहिल्याच भेटीत विचारा: ‘कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?’ उत्तरात शॉक कॉलर, काट्यांचा पट्टा किंवा उलटं पाडून दाबून धरणं आलं तर त्याला नमस्कार करा आणि दुसरा शोधा. दरम्यान जाळीचं मुसकं हळूहळू, खाऊ देत देत सवयीचं करून घ्या. त्यातून कुत्र्याला धापा टाकता आणि पाणी पिता आलं पाहिजे. नसबंदीने हे आपोआप जाईल असं कोणी म्हटलं तर त्या भरवशावर राहू नका.

आणि सणांचं आधीच ठरवून ठेवा. गणपतीत घर माणसांनी भरतं, लहान मुलांच्या हातून मोदक पडतात. दिवाळीत फटाक्यांनी कुत्री आधीच घाबरलेली असतात, आणि महिनोन्‌महिने शांत असलेली जोडी त्याच आठवड्यात भिडते. त्या दिवसांत आम्ही सराव पूर्ण बंद ठेवतो. जाळीचं गेट पुन्हा लावतो, चिंगीची सतरंजी आतल्या खोलीत नेतो, आणि दारावर चिठ्ठी चिकटवतो: ‘आत कुत्रा आहे. दार उघडण्याआधी आईला विचारा.’