पडून राहिलेले जुने रिचार्जेबल सेल वापरात आणताना

वर्ष-दोन वर्षे ड्रॉवरमध्ये पडून राहिलेले निकेल-मेटल हायड्राइडचे पेन्सिल सेल जलद चार्जरमध्ये घातले, तर पुष्कळदा चार्जर ते नाकारतो किंवा ते पुरते भरण्याआधीच तापतात, आणि मग उपयोगी पडू शकणारे सेलही टाकून दिले जातात.

१. सेलवर छापलेल्या क्षमतेच्या एक दशांश इतक्याच प्रवाहाने, म्हणजे २००० मिलिअँपिअर-तासांच्या सेलला २०० मिलिअँपिअरने, १४ ते १६ तास चार्ज करावे. अधूनमधून हात लावून पाहावा. सेल कोमट लागला तर हरकत नाही, हाताला चटका बसत असेल तर चार्जिंग लगेच थांबवावे.

२. नंतर डिस्चार्जची सोय असलेल्या चार्जरवर साधारण ४०० मिलिअँपिअरने तो रिकामा करावा आणि व्होल्टेज १ व्होल्टवर येताच थांबावे. प्रत्येक सेल स्वतंत्रपणे रिकामा करावा, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण टॉर्चमध्ये दोन सेल एकामागे एक लावून पार संपवले, तर दुबळा आधी संपतो, दुसऱ्याचा प्रवाह त्याच्यातून वाहतच राहतो आणि त्याचे ध्रुव उलटून तो कायमचा बिघडतो.

३. हे चक्र दोन-तीनदा करावे. तरीही छापील क्षमतेच्या निम्मीही मिळत नसेल, तर तो सेल ई-कचऱ्यात द्यावा.

लिथियम-आयन बॅटरीवर मात्र हा प्रयोग मुळीच करू नये, आणि ती फुगलेली असल्यास चार्जरला जोडूही नये.