क्रोशाची हत्तीची कीचेन : या चुका टाळा

भावाच्या मुलीच्या दप्तराला मी पहिली हत्तीची कीचेन करून दिली, ती पंधरा दिवसांत परत आली आणि तीही अर्धीच. रिंग आणि तिच्यातून लोंबणारा बोटभर धागा एवढेच तिने माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "आत्या, हत्ती कुठे पडला, कळलंच नाही." विणकामात खोट काढण्यासारखे फारसे नव्हते, टाके मोजून बरोबर होते, डोळे एका रेषेत होते आणि सोंडेला बाकही चांगला आला होता. चुकले ते इतकेच की मी कपाटात मांडून ठेवायचे खेळणे विणले होते. दप्तराला अडकवलेली वस्तू रोज ओढली जाते, बाकावर आपटते, पावसात भिजते आणि कुणाशी बोलता बोलता नकळत पिळलीही जाते. त्यामुळे मोठ्या बाहुलीत खपून जाणाऱ्या चुका कीचेनमध्ये महिनाभरात उघड्या पडतात. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांतील बहुतेक मी स्वतः केलेल्या आहेत.

उदाहरण म्हणून नुसते हत्तीचे डोके घेऊ, कारण पायांसकट अख्खा हत्ती कीचेनला जड होतो आणि त्याचे पाय सर्वांत आधी सुटतात. चार पदरी सुती धागा आणि अडीच मिलिमीटरची सुई घेतली, तर डोके साधारण तीन सेंटिमीटरचे होते. त्याच्या अकरा फेऱ्या अशा : ६, १२, १८, २४, त्यानंतर चार फेऱ्या २४ टाक्यांच्याच, आणि मग कमी करत १८, १२, ६. सगळे मिळून १९२ टाके होतात. काम एका बैठकीचे आहे, पण इतक्या लहान गोळ्यात दोन टाके इकडचे तिकडे झाले तरी डोके एका बाजूला फुगलेले दिसते.

सैल हात आणि मोठी सुई

आपल्याकडे क्रोशाची ओळख बहुतेकांना तोरण, रुमाल किंवा ताटावरचे झाकण यांतून होते. त्या कामात जाळी सुटसुटीत दिसावी म्हणून हात सैल ठेवण्याची सवय लागते आणि तीच सवय खेळण्याच्या मुळावर येते. खेळण्याचे विणकाम इतके घट्ट हवे की आत भरलेल्या फायबरचा (कृत्रिम कापसाचा) एकही पांढरा तंतू बाहेर डोकावू नये. धाग्याच्या गुंडीवरील पट्टीवर सुईचा जो क्रमांक छापलेला असतो, तो स्वेटर किंवा शालीचा पोत मऊ पडावा या हिशेबाने दिलेला असतो. खेळण्यासाठी त्याहून एक ते दीड मिलिमीटर बारीक सुई घ्यावी. चार फेऱ्या झाल्या की तो तुकडा खिडकीसमोर धरून दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणावा. टाक्यांच्या मधून उजेडाचे ठिपके स्पष्ट दिसू लागले तर तिथेच उसवून बारीक सुईने पुन्हा सुरुवात करावी, कारण भरण घातल्यावर ती भोके मोठी होतात, लहान होत नाहीत. उलट सुई टाक्यात शिरवताना मनगट दुखू लागले, तर सुई प्रमाणापेक्षा बारीक झाली आहे असे समजावे.

मखमलीसारखा फुगीर धागा दुकानात फार मोहक दिसतो, परंतु त्यात टाके डोळ्यांना दिसतच नाहीत, ते बोटांनी चाचपून मोजावे लागतात. पहिली कीचेन त्या धाग्याची करू नये. रंग मात्र फिका घ्यावा, कारण काळ्या धाग्यावर रात्री दिव्याखाली टाके शोधत बसणे ही शिक्षाच आहे.

मुका खांब की खांब

या प्रकारच्या खेळण्यांना जपानी भाषेत 'अमिगुरुमी' म्हणतात आणि ती जवळजवळ पूर्णपणे मुक्या खांबांनी, म्हणजे सुईवर आधी वेढा न घेता विणलेल्या बुटक्या टाक्यांनी, विणली जातात. वेढा घेऊन विणलेला उंच टाका तो खांब. गोंधळ होतो तो इंग्रजी नमुने वाचताना. अमेरिकी पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्याच टाक्याला ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात. ब्रिटिश नमुना हाती आला आणि 'डबल' म्हणजे आपला खांब असे समजून विणत गेलो, तर डोके दुप्पट उंच होते आणि त्यातून भरण बाहेर येते. नमुन्यात सिंगल क्रोशे हा शब्द कुठेही सापडला नाही तर तो ब्रिटिश असण्याची शक्यता मोठी. अमेरिकी नमुन्यात तो पहिल्या ओळीतच भेटतो.

टाका घेताना धागा सुईवरून घ्यायचा की सुईने खालून ओढायचा, हेही आधी ठरवावे. वरून घेतला तर टाका इंग्रजी 'व्ही'सारखा दिसतो. सुई धाग्यावरून नेऊन धागा खालून ओढला तर फुलीसारखा दिसतो आणि थोडा अधिक घट्ट बसतो. दोन्ही पद्धती योग्य आहेत, पण एकाच डोक्यात दोन्ही आल्या तर मध्येच पट्टा उमटतो.

टाके हरवतात ते फेरीच्या सांध्यावर

डोके गोलगोल, न जोडता विणायचे असते, त्यामुळे फेरी कुठे संपली हे नजरेने कळत नाही. आपल्याला लक्षात राहील असे दर वेळी वाटते आणि पाचव्या फेरीपर्यंत ते खरेही असते. तेवढ्यात कुकरची शिट्टी होते. प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा धागा किंवा छोटी सेफ्टी पिन अडकवावी आणि फेरी पूर्ण झाली की ती उचलून नव्या पहिल्या टाक्यात लावावी. खूण मागच्या फेरीच्या टाक्यात लावली की एक टाका वाढतो आणि तीच चूक पुढे प्रत्येक फेरीत होत राहते. ज्यांना फेरी स्लिप स्टिचने (धागा सरळ ओढून घेतलेल्या चपट्या जोडटाक्याने) बंद करून एक साखळी घेण्याची सवय आहे, त्यांचा हात येथेही आपोआप तसाच वळतो. मग त्या स्लिप स्टिचला टाका समजून त्यातही विणले जाते आणि २४ चे २५, २५ चे २६ होतात.

समजा, आठवी फेरी संपल्यावर मोजले आणि २४ ऐवजी २३ टाके भरले. कोणता टाका सुटला हे शोधत बसण्यापेक्षा आधी मागच्या फेऱ्या मोजाव्यात. सातवीत २४ होते तर चूक आठवीतच आहे, आणि २४ टाके उसवून पुन्हा विणायला फार वेळ लागत नाही. सातवीतही २३ च असतील, तर सरळ चौथ्या फेरीपर्यंत यावे, कारण वाढ करताना, म्हणजे एकाच टाक्यात दोन टाके घेताना, दुसरा टाका घ्यायचा राहून जाणे हे नेहमीचे कारण आहे. पुढच्या फेरीत एक टाका गुपचूप वाढवून हिशेब जुळवता येतो हे खरे. एका टाक्यापुरते मीही तसे करते, पण दोन टाक्यांची लबाडी या आकारात लपत नाही.

टाके बरोबर असूनही डोके षट्कोनी दिसत असेल, तर वाढवलेले टाके एकावर एक आले आहेत असे समजावे. तिसऱ्या फेरीत एक साधा टाका आणि एक वाढ असे सहा वेळा केले असेल, तर चौथ्या फेरीत दोन साधे आणि एक वाढ असे न करता एक साधा, एक वाढ, पुन्हा एक साधा असे सहा वेळा करावे. बेरीज २४ च होते, मात्र कोपरे विखुरले जातात.

टाके कमी करताना दोन टाके नेहमीप्रमाणे एकत्र घेतले की तिथे गाठीसारखा उंचवटा आणि शेजारी भोक दिसते. त्याऐवजी सुई दोन्ही टाक्यांच्या फक्त पुढच्या, म्हणजे आपल्या बाजूच्या, फाशांतून घालावी, धागा त्या दोन फाशांतून एकदम ओढावा आणि मग सुईवर उरलेले दोन फासे बंद करावेत. असे कमी केलेले टाके बाहेरून ओळखू येत नाहीत.

डोके उलटे विणले जाणे

चौथ्या-पाचव्या फेरीला काम वाटीसारखे वळते आणि अनेकदा उलट्या बाजूने वळते. सुलट बाजूवर 'व्ही'च्या ओळी दिसतात, उलट बाजूवर आडव्या दांड्या दिसतात. वाटीचे तोंड वर करून धरले असता सुई आपल्या जवळच्या काठावर चालत असेल तर सुलट बाजू बाहेर आहे. पलीकडच्या काठावर चालत असेल तर वाटीची आतली बाजू बाहेर येईल अशी ती उलटवून घ्यावी. उसवण्याची गरज नसते.

मुके खांब गोल विणताना प्रत्येक फेरीत किंचित सरकतात, म्हणून पहिल्या फेरीची खूण आणि शेवटच्या फेरीची खूण एका उभ्या रेषेत येत नाही. सोंड आणि डोळे कुठे यावेत, हे 'खुणेपासून बारावा टाका' असे मोजून ठरवले तर चेहरा एका बाजूला वळतो. टाचण्या लावून, हात लांब करून, समोरून पाहून जागा ठरवावी.

भरण, डोळे, सोंड

भरणासाठी पॉलिएस्टरचे फायबर घ्यावे. घरातल्या गादीचा कापूस ओला झाला की त्याचा गोळा होतो आणि पावसाळ्यात तो लवकर वाळतही नाही. विणताना उरलेले धाग्यांचे तुकडे आत कोंबण्याचा मोह मलाही होतो, परंतु फिक्या रंगाच्या डोक्यातून गडद धागा निळसर डागासारखा दिसतो. फायबर चिमटी-चिमटीने, आधी कडांना आणि मग मध्यभागी घालावे. मोठा गोळा एकदम घातला तर तो मध्ये कडक आणि कडेला पोकळ राहतो. बोटाने दाबल्यावर डोके लगेच मूळ आकारात यावे इतके भरावे, टाके फाकू लागतील इतके नव्हे.

प्लॅस्टिकचे डोळे भरण घालण्याआधी बसवावे लागतात आणि मागची चकती एकदा दाबली की ती निघत नाही, म्हणून सोंड टाचून पाहिल्याशिवाय ती दाबू नये. या आकाराला सहा मिलिमीटरचे डोळे पुरतात. ते सोंडेच्या मुळाशी, थोडे खाली आणि एकमेकांपासून लांब लावले तर हत्ती पिल्लासारखा दिसतो. वर आणि जवळजवळ लावले तर तो रागावलेला दिसतो. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती जाणार असेल, तर डोळे काळ्या धाग्याने भरावेत आणि धातूची रिंगही लावू नये.

सोंड म्हणजे सहा टाक्यांची, सात-आठ फेऱ्यांची नळी. तिच्यात भरण घालू नये. बाक हवा असेल तर शेवटच्या काही फेऱ्यांत तीन मुके खांब आणि तीन स्लिप स्टिच असे विणावे, म्हणजे स्लिप स्टिचच्या बाजूला सोंड वळते. हे स्लिप स्टिच सैल घ्यावेत, नाही तर पुढच्या फेरीत त्यांत सुई शिरत नाही.

कान म्हणजे ६, १२, १८ टाक्यांची सपाट चकती. शिवण्यासाठी किमान पंचवीस सेंटिमीटर धागा ठेवावा. तो आखूड ठेवणे ही कंजुषी हमखास नडते. कानाच्या टाक्याचे दोन्ही फासे घेऊन शिवावे आणि शेवटी धागा डोक्यातून आरपार दुसऱ्या कानाकडे नेऊन परत आणावा. एका जागी मारलेली गाठ आठवडाभरात बाहेर येते.

रिंग

हत्ती हरवला तो इथे. मी डोके पूर्ण झाल्यावर वरच्या टाक्यात धागा ओवून, दोन गाठी मारून त्याला रिंग लावली होती. म्हणजे हत्तीचा सगळा भार आणि ओढणाऱ्या हाताचा जोर एका टाक्यावर येत होता. त्यातही सुरुवातीच्या मॅजिक रिंगचे (पहिली फेरी ज्यात विणतात त्या, ओढून आवळायच्या धाग्याच्या फाशाचे) टोक मी थोडेसेच ओवून कापले होते, त्यामुळे मधले भोक हळूहळू मोठे झाले आणि गाठ त्यातून सुटून आली. आता ते टोक मी पहिल्या फेरीच्या टाक्यांतून दोनदा फिरवते आणि मग उलट दिशेने एकदा ओवते.

रिंगसाठीचा फासा डोके बंद करण्याआधीच लावावा लागतो. शर्टाचे चार भोकांचे एक बटण घ्यावे. मजबूत धागा दुहेरी करून बटणाच्या भोकांतून ओवावा, बटण डोक्याच्या आत माथ्याला टेकवावे आणि धाग्याची दोन्ही टोके पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मधून, दोन वेगवेगळ्या जागांतून बाहेर काढावीत. मधल्या भोकातून काढू नयेत. ओढ आता एका टाक्यावर न पडता बटणाच्या रुंदीभर वाटली जाते. त्यानंतर फायबर भरावे, डोके बंद करावे आणि उरलेल्या सहा टाक्यांच्या पुढच्या फाशांतून धागा ओवून आवळावा.

रिंग निवडतानाही एक बारीक गोष्ट नजरेतून सुटते. पातळ तारेच्या गोल कडीला जोडावर केसभर फट असते आणि सुती धागा त्या फटीतून निसटतो किंवा तिच्या धारेवर झिजतो. बाहेरची टोके चावीच्या दुहेरी वेढ्याच्या रिंगमध्ये बांधावीत. कडीच वापरायची असेल तर दोन पकडींनी तिचा जोड पूर्ण मिटवून घ्यावा आणि धागा जोडाच्या विरुद्ध बाजूला राहील असे पाहावे. शेवटी रिंग एका हातात आणि डोके दुसऱ्या हातात धरून चांगले जोराने ओढावे. सुटायचे असेल ते घरी सुटावे.

लाल किंवा गडद निळा धागा पांढऱ्यासोबत वापरताना त्याचा तुकडा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवावा आणि रंग उतरला तर तो धागा या कामाला घेऊ नये. मळलेली कीचेन थंड पाण्यात साबणाच्या हलक्या फेसाने धुवावी, पिळू नये, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि सावलीत वाळवावी. भाचीच्या दप्तराला आता दुसरा हत्ती आहे. त्याच्या डोक्यात तिच्या बाबांच्या जुन्या शर्टाचे बटण आहे आणि धुताना डोके दाबले की ते बोटांना लागते.