कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) गोळ्यांचा त्रास: आधी घड्याळ बघा

गोळी कधी घेतली आणि त्रास कधी झाला, हे एकाच वहीत लिहा. पुढचं निम्मं उत्तर त्यातच मिळतं.

लेव्होडोपा-कार्बिडोपा ही कंपवाताची मुख्य गोळी; ती सुरू झाली की सुरुवातीला मळमळतं. म्हणून घरचे ती जेवणासोबत देऊ लागतात, आणि मग गोळी नीट लागू पडत नाही. मटकी, डाळ, अंडी, पनीर यांतली प्रथिनं तिच्या शोषणाच्या आड येतात. नाशिककराला रविवारची मिसळ सोडा म्हणणं अवघडच. तेव्हा गोळी अर्धा तास आधी, मिसळ नंतर. फारच मळमळलं तर गोळीसोबत एखादं साधं बिस्कीट चालतं. लोहाची गोळी मात्र किमान 2 तास लांब ठेवा.

गोदावरीच्या रामकुंडावर वाकून पाणी घेतलं, उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, तर बीपी तपासा; या गोळ्यांनी उभं राहताना तो उतरू शकतो. 5 मिनिटं आडवं करून एकदा मोजा, मग उभं राहिल्यावर 1 आणि 3 मिनिटांनी. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर तिन्ही नोंदी डॉक्टरांना दाखवा. खरी फसगत इथेच होते: चक्कर येते म्हणून मेडिकलवाल्याकडून सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन आणलं जातं, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड. कंपवातात मेंदूतलं डोपामाइन हे हालचाली सांभाळणारं रसायन कमी पडतं, आणि ही तिन्ही औषधं त्याचाच रस्ता अडवतात. ताठरपणा वाढतो आणि सगळे म्हणतात, आजार बळावला.

गोळीनंतर तासाभराने मान-खांदे सापासारखे वळवळले, तर तो बहुधा कंप नसून डोस जास्त झाल्याची खूण असते. पुढच्या गोळीआधी पाय जड झाले, तर आधीचीचा असर उतरलाय. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून डोस मनाने बदलू नका.

प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या कंपवाताच्याच दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर लक्ष घरच्यांनी ठेवायचं. ऑनलाइन रमी, लॉटरी, नको ती खरेदी, अचानक वाढलेली कामवासना; पेशंट हे आपणहून सांगत नाही. बसल्या बसल्या डुलकी लागत असेल तर स्कूटरची किल्ली काढून घ्या.

कंपवाताच्या आणखी दोन गोळ्या: ट्रायहेक्सीफेनिडिलने तोंड कोरडं पडतं, लघवी अडते. वयस्करांचा गोंधळ उडतो. एन्टाकापोनने लघवी केशरी होते, त्याला घाबरू नका.

नसलेली माणसं दिसू लागली तरी गोळ्या एकदम बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अचानक थांबवल्यावर ताप, लाकडासारखं अंग आणि बरळणं सुरू झालं, तर थेट इमर्जन्सी गाठा. गोळ्यांची पाकिटं आणि ती वही सोबत न्या.