डॉक्टर लांब, साखर जवळ: मधुमेहाच्या उपचारात या चुका टाळा

शिबिर झालं, दिवसभरात शेकडो बोटं टोचून झाली. ज्यांची साखर जास्त निघाली त्यांची नावं, फोन नंबर, पुढची तारीख? कुठेच नाही. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. एक वही घाला: कोणी कधी यायचं, आलं की नाही. न आलेल्याच्या घरी कोण जाणार, तेही आधीच ठरवा. आणि लक्षणं नसताना एकाच आकड्यावर कुणाला मधुमेही ठरवू नका. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आली, तर पुन्हा तपासून खात्री करा.

"इन्सुलिन घेतोय, तरी साखर उतरत नाही." ही तक्रार आली की आपला हात लगेच डोस वाढवायला जातो. थांबा. कुपी आणि सिरिंज घेऊन बोलवा, समोर भरायला सांगा. कुपी ४० ची (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट इन्सुलिन) आणि सिरिंज १०० ची असेल, तर २० च्या रेघेपर्यंत भरूनही शरीरात जातात फक्त ८ युनिट! उलट जोडी त्याहून घातक: १०० ची कुपी, ४० ची सिरिंज, २० च्या रेघेला चक्क ५० युनिट. साखर धाडकन पडून माणूस बेशुद्ध होतो. जोडी बरोबर असेल तर टोचायच्या जागेवरून बोटं फिरवा. रोज तिथेच टोचलं की गाठी होतात आणि गाठीत टोचलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही.

फ्रीज नाही म्हणून इन्सुलिन नाकारायचं कारण नाही. ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत कुपी बऱ्यापैकी थंड राहते. बर्फाला मात्र चिकटवून ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं.

एचबीएवनसीवर, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीवर, डोळे झाकून विसंबू नका. लोहाच्या कमतरतेने तो आकडा फुगू शकतो, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात फसवा कमी येऊ शकतो. अशा वेळी ग्लुकोमीटरच्या नोंदी बघा.

पाय तर कुणी बघतच नाही. संवेदना गेलेला पाय दुखत नाही, म्हणून पेशंट बोलत नाही. बूट-मोजे उतरवायला सांगा, बोटांच्या बेचक्यात बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

राहता राहिला "पेशंट ऐकत नाही" हा शेरा. तो लिहिण्याआधी विचारा, घरी गोळ्या किती उरल्यात? पुढच्या फेरीपर्यंत पुरवायच्या म्हणून अर्धी-अर्धी घेणारे बरेच असतात. साखर स्थिर असेल तर त्यांना एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्या.