माल अवकाशात जातो, बिल वाळूजलाच फाटतं

वाळूजला माझ्या एका अशिलाचं सीएनसीचं (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचं) वर्कशॉप आहे. परवा येऊन म्हणाला, "साहेब, आपला ब्रॅकेट रॉकेटात बसणार. मग जीएसटी माफ ना?"

नाही रे बाबा. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेनं खासगी कंपन्यांच्या उपग्रह प्रक्षेपणाला सूट दिली, पण ती सेवेला. तुमच्या ब्रॅकेटला नाही. आधी एचएसएन कोड, म्हणजे मालाचा कर ठरवणारा वर्गीकरण क्रमांक, पक्का करा. शेजारच्या शेडवाल्याचा उतरवू नका.

खरी मेख पुढं आहे. सूट असलेल्या सेवेवर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. म्हणजे तुम्ही लावलेला कर प्रक्षेपण कंपनीच्या अंगावर बसतो, आणि ती तुमच्याच भावात घासाघीस करते. म्हणून कोटेशनवर 'कर वेगळा' हे ठळक लिहा. माझा हा अशील विसरला होता. महिनाभर नुसते फोन.

कंपनीत परदेशी गुंतवणूक येत असेल तर तिचे २०२४ चे नियम बघा: सुट्या भागांना १०० टक्के, उपग्रह बनवायला ७४ आणि प्रक्षेपकाला ४९ टक्क्यांपर्यंत थेट मार्ग, म्हणजे सरकारची आधी मंजुरी लागत नाही. निर्यात करण्याआधी भाग स्कोमेट यादीत (लष्करी कामालाही वापरता येणाऱ्या, निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची यादी) आहे का ते तपासा. असेल तर डीजीएफटीचा, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा, परवाना लागतो.

उद्या स्वतःचाच उपग्रह सोडावासा वाटला, तर अहमदाबादच्या इन-स्पेसची, म्हणजे खासगी अवकाश उद्योगाला परवानगी देणाऱ्या केंद्राच्या संस्थेची, परवानगी घ्या. १९६७ च्या अवकाश करारानुसार खासगी कंपनीच्या उद्योगालाही तिचा देशच जबाबदार असतो.